गेलेले माणूस शेवटच्या पानापर्यंत पुस्तकात राहते का?

तरुण वाचकांसाठी लिहिलेल्या प्रेमकादंबऱ्यांविषयी, त्यातही जवळच्या माणसाच्या मृत्यूने सुरू होणाऱ्या आणि एखाद्या प्रवासातून नव्या आयुष्याकडे वळणाऱ्या कादंबऱ्यांविषयी, गेल्या अंकात आम्ही प्रश्न मागवले होते. पालकांची पत्रे जास्त येतील असे वाटले होते. पण सोळा-सतरा वर्षांच्या वाचकांनीही मनापासून आणि मोकळेपणाने लिहिले. पत्रलेखकांची नावे गाळली आहेत. काही उत्तरांत कथानकांचा उलगडा होतो, याची वाचकांनी नोंद घ्यावी.

प्रश्न: माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. आठ महिन्यांपूर्वी तिचे वडील गेले. तेव्हापासून ती एकाच प्रकारची पुस्तके वाचते. नायिकेचे कोणीतरी गेलेले असते, ती कुठेतरी दूर जाते आणि तिथे तिला कोणीतरी भेटते. वाचताना ती कधी रडते, कधी हसते. दुःखातून बाहेर येण्याऐवजी ती त्यातच रुतत चालली आहे की काय, अशी भीती वाटते. ही पुस्तके बंद करावीत का?

उत्तर: बंद करू नका. तुमच्या पत्रातले एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले, ते म्हणजे ‘कधी रडते, कधी हसते’. तुम्हाला जे काळजीचे वाटले, तेच मला आश्वासक वाटते. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये शोकाविषयी जी मांडणी केली, तिचा गाभा असा की शोक करणारे माणूस एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ चालत जात नाही. ते काही वेळ गेलेल्या माणसाकडे वळलेले असते आणि काही वेळ पुढच्या आयुष्याच्या कामांकडे, आणि या दोन दिशांमध्ये त्याची सतत ये-जा चालू असते. या प्रकारच्या चांगल्या कादंबरीची रचना नेमकी अशीच असते. एका प्रकरणात नायिका आईचे जुने पत्र वाचून कोसळते आणि पुढच्याच प्रकरणात रस्ता चुकून एका अनोळखी मुलासोबत खळखळून हसते. तुमची मुलगी ही ये-जा पुस्तकाच्या आधाराने करते आहे. शिवाय खऱ्या आयुष्यात दुःख कोणत्या क्षणी अंगावर येईल हे तिच्या हातात नाही, पण पुस्तक कधी उघडायचे आणि कधी मिटायचे, हे मात्र आहे. एवढे नियंत्रणसुद्धा या काळात फार मोलाचे असते.

लक्ष ठेवायचे ते इतर गोष्टींवर. तिची झोप, तिचे खाणे, मैत्रिणींशी असलेला संबंध आणि अभ्यासातला सहभाग यांकडे पाहावे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये सुधारलेल्या निदानपुस्तिकेत दीर्घकाळ न ओसरणाऱ्या शोकाची स्वतंत्र नोंद केली आहे. तिच्यासाठी प्रौढांच्या बाबतीत किमान १२ महिने आणि मुले व किशोरवयीनांच्या बाबतीत किमान ६ महिने असा कालावधी धरला आहे. मात्र केवळ तेवढे महिने उलटले म्हणून कोणाला विकार जडला असे होत नाही. जवळजवळ रोज तीव्र ओढ लागणे आणि रोजचे जगणेच अडून बसणे, अशी लक्षणेही त्यासोबत असावी लागतात. तसे दिसले तर समुपदेशकाची मदत घ्यावी. जगण्यात अर्थ नाही असे ती कधी बोलली, तर मात्र त्याच दिवशी घ्यावी.

आणखी एक सुचवते. ती वाचते आहे त्यांपैकी एखादे पुस्तक तुम्हीही वाचा. जेना इव्हान्स वेल्च यांच्या ‘लव्ह अँड जिलाटो’ (२०१६) या कादंबरीत आईच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांची लीना इटलीत जाते आणि फ्लॉरेन्सजवळ, दुसऱ्या महायुद्धात मरण पावलेल्या अमेरिकन सैनिकांच्या स्मशानभूमीच्या आवारात राहू लागते. तिथे तिच्या हाती आईची जुनी रोजनिशी येते आणि तिला माहीत असलेल्या आईच्या मागे एक तरुण, प्रेमात पडलेली, चुका करणारी मुलगी होती हे तिला हळूहळू कळत जाते. अशा पुस्तकावर बोलताना ‘तुला बाबांची आठवण येते का?’ असे थेट विचारावे लागत नाही. ‘लीनाने रोजनिशी एका बैठकीत का वाचून टाकली नाही?’ असे विचारा. मुलगी लीनाविषयी बोलता बोलता स्वतःविषयी बोलेल, आणि कदाचित तुम्हीही बोलाल. तुमचाही जोडीदार गेला आहे; पत्रात त्याविषयी तुम्ही एक शब्दही लिहिलेला नाही.

प्रश्न: या कादंबऱ्यांतली नायिका दरवेळी कुठेतरी दूर का जाते? मी घरीच राहून दुःख सोसले. मला हा प्रवास अनेकदा निव्वळ सजावट वाटतो.

उत्तर: तुमचा आक्षेप बऱ्याच पुस्तकांना लागू पडतो. स्थळ बदलले, समुद्राऐवजी डोंगर आणला, तरी कथेत काहीच बिघडत नसेल, तर तो प्रवास सजावटच समजावा. पण सगळीकडे तसे नसते. मॉर्गन मॅटसन यांच्या ‘एमी अँड रॉजर्स एपिक डीटूर’ (२०१०) या कादंबरीत एमीचे वडील मोटार अपघातात गेले आहेत आणि त्या वेळी गाडी एमीच चालवत होती. त्यानंतर तिने स्टिअरिंगला हात लावलेला नाही. आता घरची गाडी कॅलिफोर्नियाहून पार कनेटिकटला पोचवायची आहे आणि ती चालवणार आहे रॉजर, एका कौटुंबिक स्नेह्यांचा मुलगा. म्हणजे गाडीनेच घात केला आणि आता गाडीतच बसून या मुलीला देश ओलांडायचा आहे. आईने मार्ग आणि मुक्काम ठरवून दिले आहेत. ती दोघे तो मार्ग सोडतात, आणि अपघातानंतर एमीने स्वतःहून घेतलेल्या पहिल्या निर्णयांपैकी तो एक असतो. हा प्रवास काढून टाका, कादंबरीच उरणार नाही.

मॉरीन जॉन्सन यांच्या ‘थर्टीन लिटल ब्लू एन्व्हलप्स’ (२००५) मध्ये सतरा वर्षांच्या जिनीचा मार्ग तिच्या दिवंगत मावशीने आखलेला आहे. तेरा लिफाफे, प्रत्येकात एक सूचना. सोबत मार्गदर्शक पुस्तिका नको, मोबाइल नको, पाठीवरच्या पिशवीत मावेल तेवढेच सामान. मृत व्यक्ती इथे आठवणीपुरती राहत नाही. ती अजूनही हट्ट करते, कोड्यात टाकते, रागही आणते. एलिझाबेथ असेवेडो यांच्या ‘क्लॅप व्हेन यू लँड’ (२०२०) या पद्य कादंबरीत तर प्रवासच मृत्यूचे कारण आहे. न्यूयॉर्कहून डॉमिनिकन रिपब्लिकला निघालेले विमान कोसळते आणि दोन देशांतल्या दोन मुलींना वडील गेल्याचे आणि पुढे आपल्याला एक बहीण असल्याचे कळते. या पुस्तकामागे १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये झालेल्या, २६५ जणांचा बळी घेणाऱ्या खऱ्या विमान अपघाताची प्रेरणा आहे. प्रेमकथा तिथे कडेला आहे, तरीही या यादीत ते असावे असे मला वाटते.

प्रवासाचे आणखी एक कारण आहे आणि माझ्या मते तेच सर्वांत खोल आहे. घरी सगळ्यांना सगळे माहीत असते. त्यामुळे लोक आवाज खाली आणतात, विषय बदलतात, गेलेल्या माणसाचे नाव टाळतात. वाटेत भेटलेल्या परक्याला मात्र काहीच ठाऊक नसते. त्याला सांगावे लागते की माझी बहीण कशी चालायची, कशावरून भांडायची, कोणता विनोद दहा वेळा सांगायची. शोक करणारी मुलगी तिथे पहिल्यांदाच स्वतःच्या शब्दांत त्या माणसाचे वर्णन करते आणि समोरचा ते ऐकून घेतो. या कादंबऱ्यांतले प्रेम अनेकदा त्या ऐकण्यापासून सुरू होते.

घरी राहून दुःख सोसणाऱ्यांसाठीही पुस्तके आहेत. जँडी नेल्सन यांच्या ‘द स्काय इज एव्हरीव्हेअर’ (२०१०) मध्ये प्रवास जवळजवळ नाही. थोरली बहीण अचानक गेल्यावर सतरा वर्षांची लेनी कागदाच्या चिटोऱ्यांवर, कपांवर कविता लिहिते आणि त्या जिथे तिथे सोडून देते. माणूस एकाच गावात, पण त्याचे शब्द वाऱ्यावर निघालेले. तुम्हाला ते पुस्तक जवळचे वाटेल.

प्रश्न: मी सतरा वर्षांचा मुलगा आहे. ही पुस्तके ‘मुलींची’ म्हणून मित्र चिडवतात. मला ती आवडतात आणि रडूही येते. यात काही गैर आहे का?

उत्तर: काहीही गैर नाही. मृत्यू मुलगा आणि मुलगी पाहून घरात शिरत नाही, मग त्याविषयीची पुस्तके एकाच बाजूची कशी असतील? मुलग्यांना शोक करण्याची भाषा आपण फार कमी देतो. तू ती स्वतः शोधून काढलीस. वाचत राहा.

प्रश्न: गेल्या वर्षी माझी जिवलग मैत्रीण गेली. आता मला एक जण आवडू लागला आहे. परवा एका कादंबरीत बहीण जाऊन काही महिनेच झालेली नायिका प्रेमात पडली आणि मला तिचा भयंकर राग आला. मग लक्षात आले की तो राग माझ्यावरच होता. मी अठरा वर्षांची आहे.

उत्तर: तुझे पत्र या सगळ्या पत्रांत मला सर्वांत प्रामाणिक वाटले, म्हणून जरा सविस्तर लिहिते. शोक आणि ओढ एकामागून एक, रांगेत उभ्या राहून येत नाहीत. वर उल्लेख केलेली लेनी बहिणीच्या मृत्यूनंतर तिच्याच प्रियकराच्या जवळ जाते, कारण तिच्याइतके तुटलेले दुसरे माणूस आसपास तेवढेच असते. त्याच वेळी गावात नव्याने आलेल्या, संगीतात रमलेल्या मुलाबरोबर तिला आनंद होतो आणि त्या आनंदाचीच तिला भीती वाटते. ती चुकते, दुखावते, खोटेही बोलते. लेखिका तिला माफ करून टाकत नाही आणि शिक्षाही देत नाही; तिला समजून घेते. ते पुस्तक मला मोठे वाटते ते त्यामुळे.

आपल्याला लाज का वाटते? मागच्या माणसाला सोडल्याशिवाय पुढे जाता येत नाही, अशी समजूत आपल्यात फार खोल रुजलेली आहे. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांच्या १९१७ मधील निबंधापासून बराच काळ शोकाचे काम म्हणजे गेलेल्या व्यक्तीतून मन सोडवून घेणे, असे मानले जात होते. १९९६ मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी संपादित केलेल्या ग्रंथाने वेगळा विचार पुढे आणला. गेलेल्या माणसाशी असलेले नाते संपत नाही, ते रूप बदलून चालू राहते आणि ते तसे राहणे निरोगी असू शकते, असा तो विचार आहे. तसे असेल तर नव्या माणसासाठी जागा करताना तुझ्या मैत्रिणीला जागा सोडावी लागत नाही.

अशी प्रत्येक कादंबरी मी एकाच कसोटीवर पाहते. गेलेले माणूस शेवटच्या पानापर्यंत पुस्तकात राहते का? काही पुस्तकांत पहिल्या चुंबनानंतर त्याचे नावही येत नाही, जणू त्याचा मृत्यू केवळ नायिकेला विमानात बसवण्यासाठी घडवून आणला होता. तसे पुस्तक कितीही गोड असले तरी ते शोकाशी खोटे बोलते. तुझ्या बाबतीत हीच कसोटी वेगळ्या शब्दांत मांडता येईल. तुला आवडणाऱ्या त्या मुलाशी मैत्रिणीविषयी बोलता येते का? तिचे नाव निघाल्यावर तो गप्प होतो, की आणखी विचारतो? विचारत असेल, तर अपराधी वाटण्याचे काहीच कारण नाही.

प्रश्न: माझ्या भावाच्या मृत्यूनंतर मला हे शहर नकोसे झाले आहे. कादंबऱ्यांतल्या मुलींप्रमाणे सगळे सोडून दूर शिकायला जावे, म्हणजे नवी सुरुवात होईल, असे वाटते. वय एकोणीस.

उत्तर: जाण्याआधी नीना लकूर यांची ‘वी आर ओके’ (२०१७) वाच. तरुण वाचकांसाठीच्या साहित्याला दिला जाणारा प्रिंट्झ पुरस्कार २०१८ मध्ये तिला मिळाला. आजोबा गेल्यावर मारीन कोणाला न सांगता, जवळजवळ काहीही सोबत न घेता, कॅलिफोर्नियाहून देशाच्या दुसऱ्या टोकाच्या महाविद्यालयात निघून जाते. हिवाळ्याच्या सुट्टीत रिकाम्या वसतिगृहात ती एकटी राहते, आणि जिच्यावर तिचे कधी प्रेम होते ती मेबल तिला भेटायला येते. दोघी बोलू लागतात तेव्हा मारीनला, आणि आपल्यालाही, कळते की हजारो किलोमीटर दूर जाऊनही ती आजोबांच्या घराच्या दारातच उभी आहे. लेखिका दूर जाण्याला नावे ठेवत नाही. पण न सांगता, पाठीमागच्या सगळ्यांशी धागा तोडून जाणे आणि सांगून, पत्ता देऊन, परत येण्याची वाट मोकळी ठेवून जाणे यांत किती फरक आहे, ते ती दाखवते. तू जरूर जा, पण दुसऱ्या प्रकारे जा. भावाची एखादी वस्तू सोबत ने, आणि तिच्याविषयी कोणी विचारले तर खरे ते सांग.

प्रश्न: मी शाळेचे ग्रंथालय सांभाळतो. ही पुस्तके कोणत्या वयापासून द्यावीत?

उत्तर: हा साहित्यप्रकार साधारणपणे १२ ते १८ या वयोगटासाठी मानला जातो, पण त्या सहा वर्षांत मूल किती बदलते हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे. शारीरिक जवळिकीच्या प्रसंगांपेक्षा मी आत्महत्येच्या विषयाबाबत अधिक काळजी घेईन. जेनिफर निव्हन यांच्या ‘ऑल द ब्राइट प्लेसेस’ (२०१५) मध्ये आणि एमिली पॅन यांच्या ‘द अस्टॉनिशिंग कलर ऑफ आफ्टर’ (२०१८) मध्ये तो विषय केंद्रस्थानी आहे. दुसऱ्या कादंबरीत आईने आत्महत्या केल्यानंतर मुलगी तैवानला आजी-आजोबांकडे जाते. दोन्ही पुस्तके वाचण्याजोगी आहेत. मात्र ती देताना विषय आधी सांगावा आणि परत घेताना मुलाशी दोन शब्द बोलावेत. कपाटाला कुलूप लावल्याने मुले वाचायची थांबत नाहीत, एकटी वाचतात.

प्रश्न: मी बावीस वर्षांची आहे आणि अशीच एक कादंबरी लिहिते आहे. नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य आणि स्वीकार या शोकाच्या पाच अवस्थांप्रमाणे मी तिचे पाच भाग केले आहेत. पाचव्या भागात नायिका स्वीकारापर्यंत पोचते आणि प्रेम जुळते. लिहिताना मात्र सगळे यांत्रिक होते आहे.

उत्तर: यांत्रिक होते आहे हे तुला जाणवले, म्हणजे तुझा कान चांगला आहे. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या पाच अवस्था मांडल्या, तेव्हा त्यांच्यासमोर स्वतःच्या मृत्यूला सामोरे जाणारे रुग्ण होते. मागे राहिलेल्यांसाठी ते वेळापत्रक नव्हते. शोक क्रमाने येत नाही. स्वीकार झाल्यासारखा वाटतो आणि फोनमधला एक क्रमांक पुसायची वेळ आली की माणूस पुन्हा पहिल्या दिवशी जाऊन पोचते. तेव्हा ते पाच भाग मोडून टाक आणि त्यांच्या जागी वस्तू आण. चष्मा, अर्धवट भरलेली वही, कोणालाच माहीत नसलेला पासवर्ड, नेहमीच्या जागी ठेवलेली किल्ली. माझे वडील गेल्यानंतर मी कित्येक महिने कादंबरी हातात धरू शकले नाही, पण त्यांच्या घड्याळाला न चुकता किल्ली देत असे. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. असे न सांगता येणारे काहीतरी तुझ्या नायिकेकडे असू दे.

गेलेल्या माणसात काही दोष असू दे. तुझ्या मसुद्यातली आई, तू पाठवलेल्या सारांशावरून, फारच चांगली आहे. संत गेला तर लोक हार घालतात. हट्टी, विसरभोळी, कधी कधी अन्याय करणारी आई गेली, तर मुलीकडे तिच्याशी न संपलेले भांडण उरते, आणि त्या भांडणावर कादंबरी उभी राहते.

आता प्रियकराविषयी. तो नायिकेला बरे करण्यासाठी कथेत आला असेल, तर त्याला परत पाठव. त्याला स्वतःचे काही हवे असू दे, त्याचा स्वतःचा प्रवास असू दे, आणि निदान एकदा तरी त्याने तिला समजून घेण्यात कमी पडावे. तो औषध झाला की ती रुग्ण होते, आणि रुग्ण आणि औषध यांची प्रेमकथा होत नाही. प्रवासाची व्यावहारिक बाजूही चुकवू नकोस. पैसे कोणी दिले, परवानगी कोणी दिली, तिकीट किती दिवसांचे आहे, हे वाचकाला कळले पाहिजे. परतीची तारीख ठरलेली असेल तर प्रेमालाही मुदत येते, आणि मग प्रत्येक दिवस आपोआप जड होतो.

शेवट कसा करावा, हेही तू विचारले आहेस. ‘तिचे दुःख संपले’ हे वाक्य कोणत्याही रूपात लिहू नकोस. पहिल्या पानावर नायिकेला करता येत नव्हती अशी एक लहान, डोळ्यांना दिसणारी कृती निवड. एमीच्या गोष्टीत ती पुन्हा गाडी चालवेल का, हा प्रश्न पुस्तकभर ताणलेला राहतो आणि वाचक त्या एका गोष्टीवरून तिच्या मनाची स्थिती मोजत राहतो. तुझी नायिका कदाचित आईचा आवाज असलेला जुना संदेश ऐकू शकेल. किंवा ऐकायला बसेल, आणि तो मुलगा काही न बोलता खोलीबाहेर जाऊन थांबेल. हा प्रसंग मी तुझ्या जागी असते तर आधी लिहिला असता आणि मग बाकीची कादंबरी.

प्रश्न: आई आजारी असताना मी तिला अशीच एक कादंबरी वाचून दाखवत असे. शेवटची साठेक पाने राहिली आणि ती गेली. दोन वर्षे झाली, पुस्तक तसेच आहे. पुढे वाचावे का?

उत्तर: जिनीच्या गोष्टीतले एक मी वर सांगितले नव्हते. तेरावा लिफाफा उघडण्याआधीच तिची पिशवी चोरीला जाते आणि मावशीचे शेवटचे पत्र न वाचताच तिला घरी परतावे लागते. ते पत्र पुढे आले ते २०११ मध्ये, दुसऱ्या पुस्तकात. म्हणजे त्या वाचकांनी सहा वर्षे वाट पाहिली. तुमच्या साठ पानांना कसलीही मुदत नाही. वाचावेसे वाटले तर मोठ्याने वाचा, आईला वाचून दाखवत होता तसेच. आणि खूण जिथे आहे, तिथून दोन पाने मागे जाऊन सुरुवात करा, म्हणजे पहिली दोन पाने तिने ऐकलेली असतील.